नदीकाठच्या भिंतीवरची काच

आजच्या निरोप समारंभाच्या सन्माननीय अध्यक्षा, नदीकाठ नागरिक मंडळाच्या प्रमुख आणि अर्ध्या शहराला शाळेत शिकवलेल्या आपल्या सगळ्यांच्या बाई; नगररचना विभागाचे साहेब, जे वेळात वेळ काढून प्रमुख पाहुणे म्हणून आले आहेत; आजचे सत्कारमूर्ती, या ऑफिसचे इमारत निरीक्षक आणि माझे मित्र; पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या वहिनी; इमारत विभागातले सर्व कर्मचारी; आणि मागे पंख्याखालची जागा धरून बसलेले माझे पेशंट, ज्यांना मी चेहऱ्यापेक्षा दाढांवरून लवकर ओळखतो; आपणा सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

मी दातांचा डॉक्टर आहे. मला बोलायची सवय असेल असं संयोजकांना वाटलं, आणि ते खरंही आहे. पण माझे श्रोते तोंड उघडं ठेवून ऐकतात आणि त्यांना मध्ये काही बोलता येत नाही. इतकी मिटलेली तोंडं समोर बघून मला जरा बिचकल्यासारखं होतंय. घरून निघताना बायकोने बजावलं, "चांगलं बोलणार असाल तर जा. नाहीतर सरळ आजारी पडा." माझी प्रकृती उत्तम आहे, त्यामुळे यावं लागलं.

रीतीप्रमाणे आधी गुणवर्णन. ते मी अगदी मनापासून करणार आहे. एखाद्यावर खरोखर रागवायचं असेल तर तो माणूस तेवढ्या योग्यतेचा असावा लागतो, आणि हा आहे.

सत्कारमूर्तींना या ऑफिसात सगळे 'काचवाले साहेब' म्हणतात. का म्हणतात ते नव्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. जुन्या भिंतीला तडा दिसला की एखादा निरीक्षक रस्त्यावरूनच मान वर करतो, 'धोकादायक' असं लिहितो आणि जेवायला जातो. आमचे साहेब शिडी मागतात. वर चढून तड्यावर आडवी अशी एक पातळ काचपट्टी ठेवतात, तिची दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला पक्की चिकटवतात आणि खाली उतरतात. भिंत सरकत असेल तर काच तडकते. भिंत जागच्या जागी असेल तर काच तशीच राहते. नदीचं पाणी एकदा चढून उतरेपर्यंत, म्हणजे पुरता एक ऋतू, हा माणूस त्या काचेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो आणि मग कागदाला पेन लावतो. ते प्लास्टर कुठलं म्हणाल, तर माझ्या दवाखान्यातलं. दातांचा साचा घ्यायचं प्लास्टर भराभर वाळतं. या शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्या भिंतींवर माझ्या दवाखान्याचा माल आहे, आणि त्यातली एकही भिंत माझ्याकडे तक्रार घेऊन आलेली नाही, असं पेशंटांबद्दल म्हणता येणार नाही.

यामुळे लोक चिडायचे. घरमालक चिडायचे, ठेकेदार चिडायचे, वरिष्ठ तर फोनवरूनच चिडायचे. "अहो, एका सहीसाठी किती दिवस?" हा शांतपणे म्हणायचा, "काचेला विचारून सांगतो." असं उत्तर देणारा सरकारी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमची मैत्री नदीमुळे झाली. आम्ही एकाच गल्लीत राहतो, गल्लीच्या टोकाला नदी आहे, आणि तरी वर्षानुवर्षं आम्ही ती बघितलेली नव्हती. आमच्या भागातली सगळी घरं रस्त्याकडे तोंड आणि नदीकडे पाठ करून बसलेली. नदीकडे जायचं ते कचरा टाकायला. मला माझ्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं, कारण डॉक्टरलाही डॉक्टर असतो. याला वहिनींनी घराबाहेर काढलं, कारण सुट्टीच्या दिवशी हा घरातल्या भिंती किल्लीने वाजवत बसायचा. भिंत पोकळ आहे की भरीव, हे त्याला आवाजावरून कळतं. एकदा ती किल्ली वाजवून वाजवून इतकी वाकली की कुलूप उघडेना, आणि हे दोघं नवरा-बायको आमच्याकडे जेवायला आले. वहिनी, हसू नका, त्या दिवशी तुम्ही काय काय बोलला होतात ते माझ्या बायकोला पाठ आहे.

पहिल्याच फेरीत आम्हाला माझ्याच दवाखान्याच्या मागच्या भिंतीत लोखंडी कड्या सापडल्या. जाडजूड, गंजलेल्या, एका ओळीत. होड्या बांधायच्या कड्या! मी इतकी वर्षं भिंतीच्या अलीकडे लोकांचे दात उपटत होतो आणि पलीकडे एके काळी धक्का होता, माणसांची चढउतार होती, हे मला माहीतच नव्हतं. मग आम्हाला नादच लागला. जुन्या पुलाच्या खांबांवर गवंड्यांच्या टोळ्यांनी कोरलेल्या खुणा सापडल्या. कुणाचा मासा, कुणाचा कंगवा, कुणाचा नुसता पंजा. मिठाची वखार सापडली, जिच्या भिंतींना दमट हवेत अजून घाम येतो. त्या भिंतीला बोट लावून चाटलं तर खारट लागतं. आम्ही चाटलं आहे. एक सरकारी अधिकारी आणि एक दातांचा डॉक्टर, भल्या सकाळी, भिंत चाटताना. दूध टाकणारी बाई सायकल थांबवून बघत राहिली होती.

त्या फेऱ्यांनी मला माझं शहर दिलं, हे मी या व्यासपीठावरून कृतज्ञतेने सांगतो. ते याने मला दिलं. पुढे आमच्याबरोबर आणखी माणसं येऊ लागली, बाई आल्या, मंडळ झालं, फलक लागले, आणि आज या सभागृहातले निम्मे लोक नदीकाठची एखादी तरी इमारत स्वतःची मानतात.

आता पंपहाऊस.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जरी सोमवारनंतर सांगून उपयोग होणार नाही. पुलाच्या खालच्या अंगाला लाल विटांची ती इमारत आहे. उंच धुराडं, कमानींच्या खिडक्या. एके काळी आख्ख्या शहराचं पाणी तिथून वर चढायचं. यंत्रं केव्हाच भंगारात गेली. तळघराला नदीच्या बाजूने एक प्रचंड दरवाजा आहे, पाणी आत घ्यायला केलेला. त्या तळघरात आज होड्या बनवणारा एक सुतार काम करतो. सगळे त्याला कप्तान म्हणतात. तो जन्मात कधी होडीत बसलेला नाही, कारण त्याला पाण्यावर मळमळतं. स्वभावाने भांडकुदळ, बढाईखोर, आणि माझ्याकडे आला की भूल द्यायच्या आधीच ओरडतो. हो, कप्तान, तुमच्याबद्दलच बोलतोय. पण होडी अशी बनवतो की बघत राहावं. आणि त्याची पद्धत अशी, की होडी आतच बांधायची. ती जिन्याने वर निघत नाही, रस्त्याच्या दाराने निघत नाही. पाणी चढून उंबऱ्याला लागलं की नदीकडचा दरवाजा उघडायचा आणि होडी आपली आपण तरंगत बाहेर पडते. आत्ता आत एक होडी पूर्ण होऊन उभी आहे आणि पाण्याची वाट बघते आहे. पाणी यायला अजून अवकाश आहे. सोमवारी इमारत पाडायचं यंत्र लागलं तर ती करवतीने कापून बाहेर काढावी लागेल.

सोमवारी यंत्र का लागणार आहे? कारण पंपहाऊस 'धोकादायक' ठरलं आहे. कोणी ठरवलं? आजच्या सत्कारमूर्तींनी.

हे बघा, आता सगळे कसे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत होतं आणि तरी सगळे मूग गिळून बसले होते. बरोबर आहे, निरोपाच्या दिवशी कोण काढतो असले विषय? मी काढतो. मी एकांतात काढून पाहिला, फोनवर काढून पाहिला. मग याने फोन उचलायचं बंद केलं आणि सकाळी हाक मारली की वहिनी खिडकीतून सांगू लागल्या, "ते झोपलेत." वहिनी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तुमच्या मागे तो उभा दिसत होता.

त्या इमारतीच्या नदीकडच्या भिंतीला एक मोठा तडा आहे. तो आम्ही पहिल्या फेरीपासून बघत आलो. याने त्यावर वरपासून खालपर्यंत काचपट्ट्या लावल्या होत्या. किती तरी पावसाळे-उन्हाळे गेले, नदी त्या भिंतीला धडका मारून गेली, एकही पट्टी तडकली नाही. याने स्वतः मला तिथे उभं करून सांगितलं होतं, "ही भिंत आपल्या दोघांना पोचवून मग पडेल." हे याचे शब्द आहेत. मान खाली घालू नकोस, वर बघ.

मग झाली आपली स्वच्छता मोहीम. बाई, मला तुमच्याबद्दल नितांत आदर आहे आणि तरीही हे बोलायला हवं. तुमच्या नेतृत्वाखाली आपलं मंडळ पंपहाऊस स्वच्छ करायला गेलं. तारेचे ब्रश, खरवडण्या, बादल्या, सगळ्यांच्या डोक्याला एकसारखे रुमाल. मी नव्हतो, कारण एका पेशंटचा गाल टरारून सुजला होता. तुम्ही सगळ्यांनी त्या भिंतीवर इतकं प्रेम केलं, की शेवाळ गेलं, पक्ष्यांची घाण गेली, जुन्या जाहिराती गेल्या आणि त्यांच्याबरोबर या माणसाच्या काचपट्ट्याही गेल्या. खरवडून, फुटून, पोत्यात भरून. कोणाला तरी वाटलं, काय ही घाण चिकटवून ठेवली आहे! भिंत पक्की आहे याचा एकुलता एक पुरावा आपण स्वच्छतेच्या नावाने कचऱ्यात टाकला, आणि पोत्यासमोर उभं राहून फोटो काढला. तो फोटो बाहेर फलकावर लावलेला आहे. सगळे हसतायत.

असली चूक तिऱ्हाईताने केली नसती. तिऱ्हाईताने त्या भिंतीला हातसुद्धा लावला नसता.

पण चूक चूक असते, ती दुरुस्त होते. नवी काच लावायची आणि थांबायचं, हेच हा आयुष्यभर करत आला. यावेळी याने काय केलं? अहवालात लिहिलं, 'तड्यावरील काचपट्ट्या तुटलेल्या आढळल्या. इमारत धोकादायक असून पाडण्याची शिफारस करण्यात येते.' बघा, किती सुंदर वाक्य आहे. काचपट्ट्या तुटलेल्या होत्या का? होत्या. त्याला आढळल्या का? आढळल्या. एक अक्षर खोटं नाही, आणि याचाच मला संताप आहे! अरे, तू सरळ खोटं लिहिलं असतंस तर मी तुला माफ केलं असतं. खोटं बोलणारी माणसं मी रोज बघतो, "दोन्ही वेळा ब्रश करतो, डॉक्टर." पण खऱ्या शब्दांनी खोटं बोलायला तू कधी शिकलास?

मी त्याला विचारलं. कुठे विचारलं तेही सांगतो. दाढ दुखली म्हणून त्याला माझ्याकडे यावंच लागलं. त्याच्या तोंडात आरसा आणि माझी बोटं असताना मी विचारलं, "काच भिंतीने फोडली की ब्रशने?" त्याला उत्तर देता आलं नाही, पण डोळे देऊन बसले. चूळ भरून झाल्यावर म्हणाला, "ब्रशने."

"मग नवी लाव."

"नव्या काचेला एक ऋतू लागतो. माझ्याकडे ऋतू नाही, मी निवृत्त होतोय."

"इमारतीकडे आहे ना ऋतू! पुढचा साहेब बघेल काचेकडे."

"नव्या माणसावर अर्धवट काम टाकून जायचं नाही मला. टेबल रिकामं करून जायचंय."

टेबल रिकामं! मंडळी, तुमच्यापैकी ज्यांचं निवृत्तीचं वय जवळ आलं आहे त्यांनी हे ऐकून ठेवा. टेबल पुसायच्या नादात माणूस काय काय पुसून टाकतो! त्या टेबलावर एक अख्खं पंपहाऊस होतं, कप्तानचं पोट होतं, एक न निघालेली होडी होती.

बाईंनी माझ्याकडे चिठ्ठी सरकवली आहे. 'आटोपते घ्यावे.' बाई, अक्षर अजून तितकंच सुरेख आहे. घेतो आटोपतं. पण स्मृतिचिन्हाबद्दल बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

त्या टेबलावर लाल कापडाखाली काय झाकलंय, ते बहुतेकांना माहीत नाही. सत्कारमूर्तींना द्यायची भेट म्हणून पंपहाऊसची लाकडी प्रतिकृती बनवून घेतली आहे. कल्पना मंडळाची. बनवली कोणी? कप्तानने. त्याला कोणी सांगितलं होतं का, की ज्याला ही भेट द्यायची आहे त्यानेच खरं पंपहाऊस पाडायला सांगितलं आहे? नाही सांगितलं. सगळे त्याला फक्त विचारत राहिले, "झालं का? झालं का?" आणि त्या माणसाने मन लावून धुराडं कोरलं, खिडक्या कोरल्या, नसलेला एक झेंडाही वर लावला, कारण त्याच्या मते तिथे झेंडा असायलाच हवा होता. प्रतिकृती घेऊन निघायला म्हणून त्याने दार उघडलं, तर दाराला जागा रिकामी करण्याची नोटीस चिकटवलेली. तो तसाच हातात ती वस्तू घेऊन माझ्या दवाखान्यात आला. मला म्हणाला, "डॉक्टर, हे मी आता कुणाला देऊ?" कप्तान, ज्याला बढाया मारल्याशिवाय पाणी जात नाही घशाखाली, तो माझ्या खुर्चीत बसून रडला. दात न दुखता माझ्या खुर्चीत रडलेला तो पहिला माणूस.

आम्ही दोघं तिथून थेट पंपहाऊसवर गेलो. कप्तानने शिडी धरली, शिव्या देत धरली, आणि मी वर चढून तड्यावर नवी काचपट्टी बसवली. मला ते येतं, याच माणसाने शिकवलंय. ती काच आज सकाळपर्यंत शाबूत आहे. अर्थात, माझ्या काचेला काही किंमत नाही. ती सरकारी नाही.

आणि पाहुणेसाहेब, तुमच्याकडेही वळतो, तुम्ही घड्याळ बघताय म्हणून नव्हे. पंपहाऊसच्या जागी काय होणार आहे, त्याचं चित्र मी पाहिलं. नदी बघायचा कठडा. स्टीलचा. त्यावर बाकं, बाकांवर दिवे, आणि मधोमध एक काचेचा फलक, ज्यावर छापलेलं असेल पंपहाऊसचं छायाचित्र. खाली ओळ, 'येथे एके काळी.' साहेब, तुम्ही तरुण आहात, हुशार आहात, चित्र देखणं आहे. पण नदी बघायला नदीकाठची इमारत पाडायची आणि मग इमारत बघायला तिचा फोटो लावायचा, हा उद्योग मला कोणीतरी समजावून सांगा. माझ्याकडे एखादा माणूस चांगली दाढ काढायला सांगत आला आणि म्हणाला, तिथे दाढेचा फोटो लावा, तर मी त्याला दातांच्या नाही, वेगळ्याच डॉक्टरकडे पाठवीन.

थांबा, हा काहीतरी म्हणाला. मागच्यांना ऐकू आलं नसेल. सत्कारमूर्ती म्हणाले, "आणि पडली तर?"

चला, बोललास एकदाचा. आता तेच बोलू. 

मंडळी, हा प्रश्न खरा आहे आणि मी त्याची चेष्टा करणार नाही. याच ऑफिसात याच्या आधी एक निरीक्षक होते. जुन्या लोकांना आठवत असतील. ते निवृत्त झाल्यानंतर एका घराचा सज्जा पडला, तोही त्यांनी कधीकाळी 'ठीक आहे' असं लिहिलेला. सुदैवाने कोणाला लागलं नाही. पण चौकशी लागली. तो माणूस म्हातारपणी, हातात पिशवी घेऊन, याच इमारतीच्या बाकावर बसून राहायचा. आत बोलावतील म्हणून. काल ज्यांच्यावर साहेबी केली ते शिपाई त्यांना "थांबा हो, आजोबा" म्हणायचे. हा रोज त्यांच्या समोरून ये-जा करायचा. त्याने मला सांगितलं आहे, की त्या बाकाच्या बाजूने जाताना तो अजून पावलं भरभर उचलतो.

तेव्हा, अरे, तुझी भीती मला कळते. मला भीती कळणार नाही तर कोणाला कळेल? दिवसभर मी तेवढंच बघतो. पण भ्यालेल्या माणसाला मी हे सांगत नाही की उपटून टाक सगळे दात, म्हणजे कधी दुखायला नकोत! तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या भीतीला काचेसमोर उभं केलंस. घरमालक म्हणायचा पडेल, तू म्हणायचास बघू. वरिष्ठ म्हणायचे पडेल, तू म्हणायचास बघू. आणि स्वतःच्या भीतीची पाळी आली तेव्हा बघितलं नाहीस. सही केलीस. मला याचा राग आहे. इमारतीचा आहेच, पण इमारतीपेक्षा याचा जास्त आहे. कारण मी तुझ्यासारखा दुसरा माणूस पाहिलेला नाही असं आत्ताच इथे बोललो, आणि ते खोटं पडायला नको आहे मला.

पडली तर? पडली तर मी तुझ्या शेजारी त्या बाकावर येऊन बसेन. दवाखाना बंद करून येईन. माझ्याही हातात पिशवी असेल. आणखी काय करू शकतो मित्र?

कायदा मी विचारून आलोय, खाली बसलेल्या तुमच्याच हेडक्लार्कना. पाडायची शिफारस ज्याने केली तो स्वतः ती मागे घेऊ शकतो. 'नव्याने पाहणी आवश्यक' एवढं लिहिलं की तोडकाम थांबतं. पण तो कामावर असेपर्यंतच. त्यानंतर कोणीही आलं तरी त्याला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि सोमवारी तर यंत्र लागणार. आज याचा शेवटचा दिवस. वरच्या मजल्यावर ऑफिस अजून उघडं आहे. म्हणजे या घडीला या शहरात पंपहाऊस वाचवू शकेल असा एकच माणूस आहे, आणि आपण त्याला फुलं देऊन घरी पाठवायला जमलो आहोत.

कप्तान, खाली बसा. बसा म्हणतो ना. ओरडू नका, माझं सगळं म्हणून झालंय. आता त्याला विचार करू दे.

बाई, हो, मला कळतंय, पुष्पगुच्छ द्यायचाय. एक मिनिट.

वहिनी, तुम्ही उभ्या राहिलात? माफ करा, मी फार बोललो, तुमच्या नवऱ्याचा आजचा दिवस मी... नाही? मंडळी, वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधतायत. चष्मा. याचा लिहायचा चष्मा. त्या म्हणतायत, मागच्यांसाठी मी मोठ्याने सांगतो, त्या म्हणतायत, "घरी येऊन रोज भिंती वाजवत बसणार असाल, तर आधी वर जाऊन या."

तो उठला.

चष्मा घेतला त्याने. बाजूच्या दाराने बाहेर पडतोय. कृपया त्याला वाट द्या. शिपाईदादा, दार धरा जरा. मला इथून बाहेरचा बोळ दिसतोय. उजवीकडे गेलं की फाटक, डावीकडे जिना. थांबलाय. भिंतीला हात लावून थांबलाय. जिन्याकडे वळला.

आता तो वर जाऊन काय करेल ते मला माहीत नाही. माझ्यावर चिडून गेला असेल, कदाचित खोलीत डबा विसरला असेल. मी त्याला ओळखतो असं समजत होतो आणि मध्यंतरी तोंडघशी पडलो, त्यामुळे आता पैज लावणार नाही. पण जिना चढल्याचा आवाज आला, आणि त्याच्या खोलीचं दार उघडल्याचाही आला. हेडक्लार्कसाहेब, तुम्हीही वर गेलात तर बरं होईल. आवक-जावकचा शिक्का तुमच्याकडे असतो ना?

तोवर मला आभार मानायचं काम दिलंय असं समजून मी ते सावकाश करतो. सभागृह दिल्याबद्दल या ऑफिसचे आभार. माझ्यासारख्या फटकळ माणसाच्या हातात माईक दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. पुन्हा ते असं करणार नाहीत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय. प्रमुख पाहुण्यांचे आभार, त्यांनी निम्म्या भाषणानंतर घड्याळ बघायचं सोडून दिलं. कप्तानचे आभार. बाई, तुमचे आभार सर्वांत जास्त, कारण तुम्ही दुसरी चिठ्ठी लिहिलीत आणि ती मला न देता मुठीत चुरगाळलीत, ते मी पाहिलं. आणि वहिनी, तुमचे आभार मानायला मला शब्द सुचत नाहीत.

बोलण्याच्या ओघात मर्यादा सुटली असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, निरोपाच्या प्रसंगाचं भान राहिलं नसेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. चहा बाहेर तयार आहे असं मला सांगण्यात आलंय. पण कृपया इतक्यात कोणी उठू नका. सत्कारमूर्ती अजून कामावर आहेत.